माझ्या हातची भवानी

म्हातारपणाचा भत्ता दहा तारखेला येतो आणि माझं पोट एक तारखेपासून सुरू होतं, हीच सगळी भानगड. त्या महिन्यात सात तारखेलाच माझ्याकडे वीस बाटची एक नोट उरली. तीन दिवस काढायचे होते.

पहाटे कालव्याकाठच्या बाजारात गेले आणि सुदजायच्या गाडीशी बसले. पपईची कोशिंबीर ठेचावी तर तिनंच. तिची भवानी व्हायची होती. नोट दिली, तशी तिनं ती पपयांवर, मिरच्यांवर, खेकड्यांच्या बरणीवर फटाफट मारली. "भरभराट, भरभराट," असं पुटपुटतेय तोवर कालव्यातून घोरपड वर आली आणि गाडीखाली जाऊन बसली.

नऊ हात लांब होती. सुदजाय चार म्हणते, पण ती तेव्हा स्टुलावर चढून डोळे मिटून उभी होती.

घोरपड दारात येणं किती वाईट ते काय सांगायचं. सुदजायनं तिला हात जोडले, अशा वेळी घोरपडीचं नाव घेऊ नये म्हणून "सोनं-चांदी माझी, जा गं घरी" म्हणाली. ती दुपारपर्यंत हलली नाही. एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. शेवटी सुदजायनं माझी नोट दोन बोटांत धरून परत दिली.

"प्रांगमावशी, ही भवानी मोडली बघ. तुझ्या हाताला काहीतरी लागलंय."

"अगं, तिला तुझ्या खेकड्यांचा वास लागला."

"वीस वर्षं खेकडे ठेवतेय मी. तू आलीस आणि ती आली."

दुसऱ्या दिवशी मी बुन्लोमकडे गेले. ती कोळशावर डुकराचं मटण भाजते, काडीला दहा बाट. मी नुसती कनवटीची नोट सोडायला लागले, तर तिनं पंख्यानं काड्या झाकल्या.

"मावशी, थांब. माझी भवानी झाली नाही अजून."

"मग माझ्या हातची होऊ दे की."

"नको गं माझी आई. ह्या घे दोन काड्या, हा चिकट भात घे, आणि तिकडे देवळाच्या पायरीवर बसून खा. पैसे काढू नकोस, नोट दाखवूसुद्धा नकोस."

फुकट दिलेलं म्हणजे काही विक्री नव्हे. भवानी झाली नाही, मग बाधायचं कसं? मी खाल्लं, तोंड पुसलं, आणि पेजवालीपुढे जाऊन कनवटीला हात घातला. तिनं अंडं घालून वाडगाभर पेज दिली. सुदजायनं तर मला लांबून पाहूनच पानात कोशिंबीर बांधून ठेवली होती.

"हे घे, आणि उद्या आधी बुन्लोमकडे जा हं मावशी. तिचा धंदा फार वर चाललाय."

असं मी दोन दिवस जेवले. नोटेची घडीसुद्धा मोडली नाही.

नऊ तारखेला निघताना गोड खावंसं वाटलं. बाजाराच्या पार टोकाला हेमकाका नारळाच्या दुधाचे आप्पे करतो. जागा नवी, तिकडे कोणी जातच नाही. मी जाऊन उभी राहिले आणि कनवट चाचपली.

"ये प्रांगताई," तो म्हणाला. "तीन दिवस भवानी नाही. आज तूच कर."

"माझा हात कळला नाही वाटतं तुला?"

"कळला. घोरपड आली तर येऊ दे. कोणीतरी आलं म्हणेन."

दिली नोट. पोटच्या पोरीला सासरी धाडावी तशी दिली. त्यानं ती एकेका आप्प्यावर मारली, माझ्याही आप्प्यांवर मारली. तेवढ्यात रस्त्यावर फाटकन आवाज झाला. देवळाला दान द्यायला निघालेल्या बसचं टायर फुटलं होतं. साठ बायका खाली उतरल्या, सगळ्या उपाशी. तासाभरात पीठ संपलं. शेवटच्या दोघींनी तवा पुसून खाल्ला, मी पाहिलंय.

दहा तारखेला भत्ता हातात आला आणि मी बाजारात पाय टाकला.

"मावशी, इकडे आधी," बुन्लोम ओरडली.

"माझी मावशी आहे ती," सुदजायनं दंडच धरला. "वीसची अर्धी कोशिंबीर कसली घेतेस? पूर्ण घे, भवानी कशी भरघोस पाहिजे."

"आणि काल-परवाचं फुकट?"

"इश्श, फुकट दिलं तर तुझ्या हाताचा उपयोग काय?"

आठ वाजेतो दोनशे बाट गेले. हात चांगला निघाला की हे असं होतं.

म्हणून हल्ली रोज संध्याकाळी मी मटणाची एक काडी घेऊन कालव्याच्या पायरीवर बसते. "सोनं-चांदी, वर ये गं, एकदा सुदजायकडे जाऊन ये," म्हणते. काल तिनं नाक वर काढलं. काडी खाल्ली आणि परत बुडी मारली. फुकटचं खायची सवय लागलीय मेलीला.