अंगठ्याची खूण

छप्पन्न वर्षांचा माणूस बुधवारी दाढी करायला लागला, की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. डिम्प्ना हॅन्लीला ते सप्टेंबरातच कळलं होतं. तिचा भाऊ मॅलकी आजवर फक्त शनिवारी रात्री दाढी करायचा, रविवारच्या चर्चसाठी. बाकीचे सहा दिवस त्याच्या खुंटांचं गाईंना काही वाटत नसे आणि डिम्प्नालाही नसे. मग बुधवारची दाढी आली. तिच्यामागोमाग निळा शर्ट आला. मग एके दिवशी मोटारीच्या मागच्या सीटवरची गाईच्या खाद्याची पोती उतरली आणि सीट चक्क झाडलं गेलं. डिम्प्ना नुसती बघत राहिली, आणि बघण्यात तिचा हात धरणारी बाई सबंध रॉसकॉमन परगण्यात सापडली नसती.

मोटार पुलापलीकडे जायची हे तिला दोन आठवड्यांत कळलं. पुलापलीकडे नोरीन बर्न राहायची. पन्नाशीची, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, हसरी. विधवेनं एवढं हसू नये असं डिम्प्नाचं मत होतं आणि ते तिनं कुणी विचारलं नसतानाही दोन-तीन जणींना सांगितलं होतं.

तिची भीती काही उगाच नव्हती. बापानं मृत्युपत्रात स्वच्छ लिहून ठेवलं होतं: घर आणि शेत मुलाला, मुलीला तिचं लग्न होईपर्यंत माडीवरची एक खोली आणि चुलीजवळ बसायला जागा. डिम्प्नाचं लग्न काही झालं नाही. आई गेल्यापासून एकोणीस वर्षं हे घर तिनं चालवलं, पण ते मॅलकीला बायको नव्हती म्हणून. उद्या बायको आली, तर डिम्प्नाला कुणी बाहेर काढणार नव्हतं हे खरं. पण खोली आणि चुलीजवळची जागा म्हणजे म्हाताऱ्या मांजराला मिळते तेवढंच की. टेकडीवरच्या कीव्हनींच्या घरी भावजय आल्यावर थोरल्या बहिणीचं काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बिचारी ब्रेडला लोणी लावायच्या आधी भावजयीच्या तोंडाकडे बघायची.

त्यामुळे हॅलोवीनच्या आदल्या दिवशी मॅलकीनं, बुटांच्या नाड्या सोडता सोडता, मान वर न करता सांगितलं की नोरीनबाईंचा ओव्हन बिघडलाय, त्या उद्याचा सफरचंदाचा केक आपल्याकडे करायला येऊ का म्हणून विचारत होत्या, तेव्हा डिम्प्नाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्षभर चालणारा ओव्हन नेमका हॅलोवीनलाच बिघडला. आणि केक करायचा तोही हॅलोवीनचा, ज्याच्या पोटात अंगठी असते.

"येऊ देत की," ती म्हणाली. "आपल्याकडे काय, ओव्हन तापलेलाच असतो."

मॅलकीला वाटलं, बहीण खुशीत आहे. घोडनवऱ्याला अक्कल कमीच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला नोरीन आली. आंबट हिरव्या सफरचंदांची टोपली घेऊन आली, आणि आपला स्वतःचा ॲप्रनही घेऊन आली, हे डिम्प्नानं नोंदलं. डिम्प्नानं पीठ, लोणी आणि ताक घालून कणीक मळली, अर्धी लाटून मोठ्या ताटलीत पसरली. नोरीन सफरचंदं सोलायला बसली. एकेका सफरचंदाची साल न तुटता अखंड काढायची आणि काढताना बोलायची. या खिडकीतून उजेड किती छान येतो म्हणाली. ओव्हन किती सारखा तापतो म्हणाली. ओट्याची उंची तिला अगदी बेताची वाटली. डिम्प्ना मनात म्हणाली, बाई मापं घ्यायला आलीय. वर तोंडानं इतकंच म्हणाली की ओट्याची उंची तिच्या आईच्या बेतानं ठेवलेली आहे.

फोडी पिठावर पसरल्या, त्यांच्यावर साखर आणि चार लवंगा पडल्या. मग चार वस्तू निघाल्या. अंगठी, वाटाणा, चिंधी आणि काडी. लोणी गुंडाळायच्या कागदात नोरीननंच त्यांच्या चार घट्ट पुड्या बांधल्या, घडीवर घडी घालून, पोटात काय आहे ते हाताला लागू नये अशा. अंगठी ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. वाटाणा निघाला तर यंदा लग्नाचं नाव नको. चिंधी म्हणजे गरिबी, काडी म्हणजे संसारात मारामाऱ्या. लपवणारीनं एकटीनं लपवायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवायची, ही रीत. आणि हॅन्लींच्या घरची रीत अशी की पाहुण्यानं पहिला तुकडा आपल्या हातानं उचलायचा. बाकीचे घरच्या बाईनं वाढायचे.

"मी लपवते," नोरीन म्हणाली. "तुम्ही फिरवा पाठ."

डिम्प्नानं पाठ फिरवली. पण समोर कपाटाची काच होती, आणि काचेला पाठ फिरवायला कुणी सांगितलं नव्हतं. पुड्या कुठे कुठे गेल्या ते नोरीनच्या दंडाआड राहिलं. पण वरची पोळी घालून झाल्यावर नोरीन काट्यानं कडा दाबत गोल फिरत गेली, आणि एका जागी थांबून तिनं काटा बाजूला ठेवला आणि अंगठ्यानं दाबलं. फक्त त्या एका जागी.

डिम्प्नानं मनात हिशेब मांडला. पाहुणी पहिला तुकडा आपल्या हातानं उचलणार, खुणेचा उचलणार, त्यातून अंगठी काढणार आणि लाजल्यासारखं करणार. आणि मॅलकी! त्या भोळसटाला तर आभाळातूनच आज्ञा झाली असं वाटेल. एकोणीस वर्षांचं घर एका अंगठ्याच्या दाबानं जाणार होतं.

नोरीन सालांची बादली घेऊन कोंबड्यांकडे गेली. दार लोटलं गेलं तशी डिम्प्नानं सुरी घेतली. खुणेपाशी कड अलगद उचलली, बोट आत घातलं, पुडी काढली. मग बरोबर समोरच्या बाजूची कड उचलून चाचपलं. तिथेही एक पुडी होती, तशीच घट्ट, तशीच टणक. ती खुणेखाली सारली, खुणेखालची समोर सारली. पुडी उघडून बघायला वेळ नव्हता, अंगणात बादली वाजली होती. आणि उघडायची गरज तरी काय? खूण कुणी चिंधीवर करतं का? कडा पुन्हा दाबल्या, अंगठ्याच्या जागी आपला अंगठा दाबला, वरून दूध फासलं. नोरीन आत आली तेव्हा ताटली ओव्हनमध्ये होती आणि डिम्प्ना ओटा पुसत होती. समोरचा तुकडा आता ती स्वतःलाच वाढून घेणार होती, आणि अंगठी गुपचूप खिशात टाकणार होती. ती आईचीच अंगठी होती, दर वर्षी केकमध्ये जायची आणि दर वर्षी कुणा ना कुणा शेजाऱ्याच्या पोरीला निघायची. यंदा कुणालाच निघाली नाही असं म्हणायचं, की झालं.

सहाला मॅलकी हात धुऊन, निळा शर्ट घालून टेबलाशी बसला. बाहेर कुणीतरी हॅलोवीनची शेकोटी पेटवली होती, तिचा धूर दाराखालून येत होता. केकचे सहा तुकडे झाले. डिम्प्नानं ताटली पाहुणीपुढे धरली आणि तिचा हात पाहत राहिली. हात सरळ खुणेच्या तुकड्यावर गेला, जराही घुटमळला नाही. डिम्प्नाला त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आपला संशय खरा ठरला की माणसाला जेवल्यासारखं वाटतं.

तिनं मॅलकीला एक तुकडा वाढला आणि समोरचा आपल्याला घेतला. काट्यानं फोड बाजूला सारून मांडीवर पुडी उघडली.

वाटाणा होता.

तिनं मान वर केली. नोरीनच्या ताटलीत, सफरचंदाच्या पाकात, आईची अंगठी होती. नोरीन तिच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. लाजणाऱ्या बाईचा चेहरा असा दिसत नाही, हे बघण्यात मुरलेल्या डिम्प्नाला लगेच कळलं. म्हणजे खूण वाटाण्यावर होती. या बाईला वाटाणा हवा होता. या बाईला नकोच होतं लग्न. आणि आपण, हात दाखवून अवलक्षण, अंगठी उचलून तिच्या पानात नेऊन ठेवली.

मॅलकीचा घास तसाच तोंडात होता आणि डोळे भरून आले होते. एखादा क्षण आणखी गेला की तो टेबलावरून हात पुढे करणार, हे दिसत होतं. डिम्प्नाला वाटलं, आता लाज गेली तरी चालेल, घर राहिलं पाहिजे. अंगठी नशिबानं आलेली नाही हे एकदा कळलं की संपलं.

"थांब मॅलकी," ती म्हणाली. "हे नशीब-बिशीब काही नाही. त्या कोंबड्यांकडे गेल्या तेव्हा मी केक उघडला आणि पुड्या बदलल्या. अंगठी तिथे मी ठेवलीय. माझ्या हातानं."

बोलून झाल्यावर तिनं वाट पाहिली. मॅलकी आता चिडेल, नोरीन उठेल, ॲप्रन घेऊन चालू लागेल.

मॅलकीनं घास गिळला. "तू?" तो म्हणाला. "तू ठेवलीस?"

"मीच."

"मला वाटलं होतं, तुला कळलं तर तू मला उभा जाळशील," तो म्हणाला. "महिना झाला यांना लग्नाचं विचारून. तुला सांगायची छाती होत नव्हती गं. आणि तू…" त्यानं नव्या शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

डिम्प्ना नोरीनकडे वळली. निदान त्या बाईला तरी अक्कल असेल. पण नोरीनचा पांढरेपणा गेला होता.

"मी आज नाही म्हणायला आले होते," नोरीन हळूच म्हणाली. "तोंडावर नाही म्हणवेना, म्हटलं केकच सांगेल. वाटाणा मीच ठेवला होता माझ्यासाठी. मॅलकी, तुमच्यात काही कमी नव्हतं. मला भीती होती ती यांची." ती डिम्प्नाकडे बघत राहिली. "अकरा वर्षं नणंदेच्या नजरेखाली काढलीत मी. साखरेच्या बरणीवर रेघ मारून ठेवायची ती बाई. नवरा गेला तेव्हा रडले, पण त्या घरातून सुटले म्हणून झोपही लागली. पुन्हा तसल्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं ठरवलेलं. दुपारभर मी तुमच्याकडे बघत होते आणि म्हणत होते, हीसुद्धा तसलीच. आणि तुम्ही माझ्यासाठी आईची अंगठी… किती वाईट आहे माझं मन. माफ करा मला."

डिम्प्नानं तोंड उघडलं. अजूनही एक वाक्य पुरलं असतं. मला तुला घालवायचं होतं, एवढंच. ते जिभेवर तयार होतं आणि ते खरं होतं. पण मॅलकी तिच्याकडे बघत होता. पन्नास वर्षांत त्यानं तिच्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. तिच्याकडे असं कुणीच कधी बघितलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि त्या दोघांना ते आनंदाचं वाटलं. नोरीन उठून तिच्याजवळ आली आणि तिनं तिला मिठी मारली. डिम्प्नानं मिठी मारू दिली. करणार काय?

मग नोरीननं डोळे पुसले आणि म्हणाली की चहा गार झाला, दुसरा टाकते. चुलीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. किटलीला हात लावला नाही. मागे वळून, परवानगी मागावी तशी, बघत राहिली.

"चहाचा डबा वरच्या फळीवर आहे," डिम्प्ना म्हणाली. "आणि किटलीचा कान तापतो. फडक्यानं धर."