ढिम्म सुई

आज नात्सुएची परीक्षा होती. शिक्षिकेच्या नोकरीचं पहिलं वर्ष कच्चं. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते आजच्या तासावर ठरायचं. तेही सगळ्यांच्या देखत! पुढ्यात आठवीची बत्तीस मुलं आणि मागच्या भिंतीला पायात स्लिपर, हातात तिच्या पाठाचा आराखडा घेऊन उभे चौदा शिक्षक. मधोमध कुराता सर. अखेरचा शेरा त्यांचा. गेल्या साली तासानंतर त्यांनी एकाला भर चर्चेत रडवलं होतं म्हणे.

आराखडा तिने सात वेळा बदलला होता. प्रयोग चुंबकाने वीज तयार करायचा. पन्नास वेढ्यांच्या तारेच्या कॉइलने वीज दाखवणाऱ्या मीटरची सुई जेमतेम थरथरायची, म्हणून रात्री जागून आठ कॉइलींना दोनशे-दोनशे वेढे दिले. मुलांनी अंदाज कधी लिहायचा, चुंबक कधी आत घालायचं, सगळं मिनिटागणिक ठरलेलं.

"अंदाज लिहून झाले? चला, चुंबक आत!"

आठही गटांनी चुंबकं कॉइलमध्ये घातली. आठही सुया ढिम्म.

"बाई, आमची झोपलीय!"

"आमची तर मेलीच!"

पोरं खिदळली. काल तर चालत होतं! मागे कागद सळसळले. कुराता सरांनी काहीतरी लिहिलं. संपलं, गेली नोकरी. आईला काय तोंड दाखवू?

तिने जवळचा मीटर उचलला. खिडकीजवळची मिहारू तिच्या हाताकडे टक लावून बघत होती.

"बाई, तुमचा हात एवढा कापतोय, मग आतली सुई कशी हलत नाही?"

आणि नात्सुएला आठवलं. मीटर हलवताना सुईला इजा होऊ नये म्हणून त्याची दोन टोकं तारेने जोडून ठेवायची, ही प्रयोगशाळेची जुनी शिस्त. काल जिन्यावरून आणताना तिने आठही मीटरना ती जोडली होती. सुटेल या धास्तीने स्क्रूखाली करकचून पिळून. अति तिथं माती! कॉइलमधली वीज त्या तारेतूनच परत फिरत होती.

'जोडणी सैल होती' म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण पोरगी बघत होती.

"चूक माझी," ती म्हणाली. "तार काढायची विसरले."

तिने तार आणि कॉइल दोन्ही सोडल्या. कापऱ्या हातात सुई नाचू लागली. नुसती तार पुन्हा लावली, सुई गप्प.

"का? अंदाज लिहा." हे काही आराखड्यात नव्हतं.

मुलं मीटरवर तुटून पडली, काचेतून आत डोकावू लागली. शेवटी मिहारूच ओरडली, "आतपण कॉइल आणि चुंबक आहे! सुई हलली की तीच वीज तयार करते, आणि तीच वीज तिला धरून ठेवते!"

मग मुलांनी तारा काढून चुंबकं पुन्हा आत घातली, आणि आठही सुया उसळल्या. पण नात्सुएची सुटका झाली नव्हती. चर्चा बाकी होती.

चर्चेत कुराता सरांनी आराखडा उलटसुलट केला.

"ते तारेचं यात नाही."

"नाही, सर." टेबलाखाली तिने एका हाताने दुसरा घट्ट धरला.

"तीस वर्षं मी ती तार बांधतोय. का बांधतो, ते एकाही पोराला विचारलं नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या वर्षी आराखड्यात घाला."

"पुढच्या वर्षी, सर?"

"मग काय, या वर्षी परत घेणार?"

आणि कुराता सरांनी भर चर्चेत आणखी एकीला रडवलं.