डावीकडे ओढणारी दांडी

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या पोराला कुणी म्हातारा म्हणत नाही. उलट चड्डी स्वतःची स्वतः घालतो म्हणून घरभर त्याचं कौतुक चालतं. माझ्या कंपनीत मात्र तीन वर्षं म्हणजे शंभरी भरली.

गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात तो मी. दोन दांड्या, दहाबारा बटणं आणि पोटात बॅटरी, एवढाच माझा संसार. या घरातली मोठी माणसं मला रिमोट म्हणतात. मी कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायचं बटण मला दिलेलंच नाही. आज मात्र बोलणार आहे, आणि बोलताना आवाज चढला तर चढू द्या. एका भल्या बाईविरुद्ध माझ्याकडून महिनाभर खोटी साक्ष वदवून घेतली आहे.

ती कशी, ते कळायला माझ्या पोटात डोकवावं लागेल. माझ्या डाव्या दांडीच्या बुडाशी नखाएवढी एक काळी पट्टी आहे. दांडी हलली की त्या पट्टीवर पितळेचं एक इवलंसं पातं घासतं. ते कुठे घासलं यावरून मी पुढे कळवतो, की हुकूम डावीकडचा आहे, उजवीकडचा आहे की मधोमधचा. आता, जे घासतं ते झिजतं. हे चपलेला कळतं, पायरीच्या दगडाला कळतं, आणि ज्या साहेबांनी मला आखलं त्यांनाही चांगलं कळत होतं. न झिजणारी दांडी त्यांना बसवता आली असती. कारखान्यात तशी चर्चाही झाली होती, असं माझ्या शेजारच्या खोक्यातला सांगायचा. पण न झिजणारा कंट्रोलर एकदा विकला की त्याच घरात दुसरा कसा विकणार? तेव्हा साहेबांनी झिजणारी पट्टी बसवली आणि खोक्यावर छापलं, 'अचूकतेची नवी उंची'.

मला या घरात आणलं शेपटीनं. लहानपणी ती आत्याच्या मागेमागे फिरायची म्हणून तिला शेपटी म्हणतात. आता कॉलेजात जाते तरी नाव सुटलेलं नाही. पहिलं वर्ष माझं लाडाचं गेलं. मऊ फडक्यानं पुसणं, रोजचं चार्जिंग, मैत्रिणींना हात लावू न देणं, सगळे सोपस्कार झाले. दुसऱ्या वर्षी शेपटीचा अभ्यास वाढला आणि मी सोफ्याच्या फटीत गेलो. तिथे एक पेन, दोन नाणी आणि शेंगदाण्याची टरफलं यांच्या सहवासात मी आठ महिने काढले. त्याबद्दल माझा राग नाही. वस्तूंनी फटीत जायचंच असतं.

मग आत्याला अर्धांगाचा झटका आला.

आत्या म्हणजे शेपटीच्या बाबांची धाकटी बहीण. भाजीबाजारामागच्या एका गाळ्यात ती तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होती. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, पुढ्यात केसाएवढ्या कमानी. आणि ती डावखुरी. झटका आला तो नेमका डाव्या बाजूला. पाय दोन महिन्यांत चालू लागला, पण हात रुसूनच बसला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं, "अंगठ्याला आणि बोटांना रोज काम द्या. गेम खेळलात तरी चालेल." शेपटीनं मला फटीतून उपसून काढलं, माझी टरफलं झटकली आणि आत्याच्या हातात दिलं.

गेम होडीचा होता. अरुंद कालवा, दोन्ही काठांना खांब, मधून होडी सरळ न्यायची. शेवटी पडद्यावर गुण यायचे, स्थिरता शंभरपैकी अमुक. पहिल्या दिवशी आत्याला बावीस मिळाले. महिन्याभरात ती एकोणपन्नासवर आली. तिचा अंगठा माझ्या दांडीवर टेकायचा तेव्हा मला कळायचं, यात रोज थोडा जास्त जीव येतोय.

शेपटीचे बाबा, म्हणजे आत्याचा दादा, सांख्यिकी खात्यात नोकरीला. आकडा दिसला की त्यांना तक्ता सुचतो. त्यांनी आत्याच्या गुणांचा आलेख काढला आणि फ्रिजवर चिकटवला. रेघ वर जात होती तोवर घरात आनंदीआनंद होता.

दुसऱ्या महिन्यात माझी पट्टी झिजली.

मधोमध एक बारीकसा खळगा पडला, आणि दांडी सरळ उभी असली तरी मी कळवू लागलो, 'थोडं डावीकडे.' मला तसं म्हणायचं नव्हतं. पण पातं खळग्यात गेलं की माझ्या तोंडून तेच निघायचं. आत्या होडी सरळ धरायची आणि मी ती डाव्या काठावर नेऊन आपटायचो. मग पडद्यावर गोड अक्षरं यायची, 'तुमचा हात अस्थिर आहे. निराश होऊ नका!' पंचेचाळीस. अडतीस. एकतीस. आत्या अंगठ्याकडे बघायची, त्याला दुसऱ्या हातानं चोळायची, पुन्हा खेळायची. पुन्हा काठ.

"उतरतंय गं," दादा फ्रिजसमोर उभे राहून म्हणाले.

"दिसतंय मला."

"मी काही मनाचं सांगत नाही. आकडे खोटं बोलत नाहीत."

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. आकडे खोटं बोलत नसतील, पण त्यांना जन्म देणारा मी बोलतोय ना! ओरडायचं कशानं? माझ्याकडे आहे ती फक्त थरथर, आणि तीही होडी आपटली की येते.

हे नुसतं खेळातलं राहिलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण गाळ्याच्या मालकांचा निरोप आला. सहा महिने ते थांबले होते. आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण गाळा मागत होता. शनिवारपर्यंत आत्यानं सांगायचं, गाळा उघडणार की सोडणार. दादांनी फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

"अवजारं जपून ठेवू आपण," दादा हळू आवाजात म्हणाले.

"अवजारं जपायची नसतात रे, वापरायची असतात," आत्या म्हणाली, पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. एवढं बोलून तिनं हात पदराखाली घेतला. तो पदर मला अजून दिसतो.

गुरुवारी दुपारी ती एकटीच खेळत होती. वहिनींनी, म्हणजे शेपटीच्या आईनं, स्वयंपाकघरातून चहाचा कप आणला. कप घ्यायला आत्यानं मला टेबलावर ठेवलं. एक घोट घेतला आणि कप तसाच ओठांशी थांबला. पडद्यावर होडी सावकाश डावीकडे वळली, काठाला लागली, आणि गेमनं तिला सांगितलं, 'तुमचा हात अस्थिर आहे.'

"वहिनी," आत्या म्हणाली, "माझा हात कुठाय?"

वहिनी घाबरल्या. झटक्याच्या माणसानं असं विचारलं की कुणीही घाबरेल. "अहो, हा काय, कपाला!"

"मग होडी कोण वळवतंय?"

शुक्रवारी सकाळी आत्या आणि शेपटी मला घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्या. काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर हसणारी मुलं. टाय लावलेल्या गृहस्थांनी मला दोन बोटांनी उचललं, जणू मी कुजलोय.

"हे ड्रिफ्टिंग आहे, मॅडम. दांडी आपोआप एका बाजूला ओढते. नॉर्मल आहे."

"नॉर्मल म्हणजे सगळ्यांचं होतं?" आत्यानं विचारलं.

"सगळ्यांचं होतं."

"मग तुम्ही काय करता?"

"नवीन घेतात सगळे."

"सगळे काय करतात ते नाही विचारलं. तुम्ही काय करता?"

"आम्ही तक्रार नोंदवून घेतो."

"उघडून बघा की. आत एखादी पट्टी झिजली असेल."

"आम्ही उघडत नाही, मॅडम. तुम्हीही उघडू नका. गॅरंटी रद्द होईल."

"आहे का गॅरंटी?"

त्यांनी संगणकात बघितलं. "नाही. ती दोन वर्षांपूर्वी संपली."

"मग रद्द काय होणार, माझं तेरावं?"

गृहस्थ हसले नाहीत. त्यांना हसण्याचं प्रशिक्षण फक्त विक्रीसाठी होतं. निघताना त्यांनी शेपटीच्या फोनवर पाच तारे द्यायची विनंती तेवढी केली.

बाहेर आल्यावर आत्या फुटपाथवरच थांबली. रागानं तिचे कान लाल झाले होते. "तीस वर्षं गाळ्यात बसले," ती म्हणाली. "एका गिऱ्हाइकाला 'आम्ही उघडत नाही' म्हणाले असते ना, तर लोकांनी गाळा माझ्या डोक्यात घातला असता. शेपटे, माझी पेटी काढ."

"आत्या, यू-ट्यूबवर..."

"पेटी काढ म्हटलं."

जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं गेलं. डोळ्याला भिंग चढलं. कंपनीनं माझे स्क्रू मुद्दाम अशा आकाराचे केले आहेत की घरातला कुठलाही स्क्रू ड्रायव्हर लागू नये. आत्यानं एक जुना ड्रायव्हर घासून त्या आकाराचा केला. शेवटचा स्क्रू 'उघडू नये' असं लिहिलेल्या चिकटपट्टीखालीच लपवला होता. घरात चोरी करणाऱ्यानंही इतका विचार केला नसता.

खोटं सांगत नाही. एकदा सांगून पोट भरलंय. तिचा हात थरथरत होता. पहिला स्क्रू दोनदा निसटला, चिमटा एकदा पडला. दादा ऑफिसातून आले ते दारातच उभे राहिले.

"शेपटे, तू कर ना. आत्याला त्रास होतोय."

"कुणी हात लावला तर बघा," आत्या मान वर न करता म्हणाली.

मग तिनं डावं कोपर टेबलाच्या कडेला टेकवलं, श्वास रोखला, आणि चिमट्याची टोकं माझ्या पोटात शिरली. काळी पट्टी तिनं स्पिरिटनं पुसली. पितळी पात्याचं टोक इतकंसं वाकवलं की ते खळगा सोडून बाजूच्या कोऱ्या जागेवर घासावं. इतकंसं म्हणजे किती, ते मला विचारू नका. तेवढं जास्त झालं असतं तर पातं तुटलं असतं. तुटलं नाही. सगळ्याला अडीच तास लागले. "पूर्वी अर्ध्या तासात केलं असतं," ती पुटपुटली आणि शेवटचा स्क्रू बसवला.

होडी सरळ गेली. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. त्रेपन्न.

दादांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं आणि फ्रिजपाशी जाऊन थबकले. "म्हणजे गेला महिनाभर मी..."

"गेला महिनाभर तू रिमोटची तब्येत मांडत होतास, दादा."

त्यांनी कागद काढून चुरगाळला. बराच वेळ तो त्यांच्या मुठीतच होता.

शनिवारी आत्यानं गाळ्याच्या मालकांना फोन लावला. "गाळा मीच उघडणार आहे. दिवसाला तीन तास. एका वेळी एकच घड्याळ." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती म्हणाली, "हात ना? झिजलाय थोडा. पण चालतो."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी विनंती करायची पद्धत आहे. आम्हाला पुसा, आपटू नका, उन्हात ठेवू नका, हे इतर वस्तू तुम्हाला सांगतीलच. माझी विनंती जरा रागाची आहे. एखादं यंत्र तुम्हाला नापास करू लागलं, तर स्वतःचा हात पदराखाली नेण्याआधी त्या यंत्राची परीक्षा घ्या. ते किती चकचकीत आहे आणि किती गोड बोलतं, ते बघू नका. आमच्यातले लबाड फार गोड बोलतात. आणि नवीन काही घ्यायला जाल तेव्हा रंग, वेग आणि सूट विचारण्याआधी एक प्रश्न विचारा, बिघडलं तर हे उघडतं का? 'नवीन घेतात सगळे' असं उत्तर आलं, तर तिथून सरळ उठून चालू लागा. मी कधीच उठून गेलो असतो, पण मला पाय दिलेले नाहीत. तुम्हाला आहेत.