गोगलगायींचा ग्रह

एका सभागृहात पडदे टांगताना बारकी शिडीवरून पडली आणि पायाचं हाड मोडून बसली. पडदे शिवणं, नेणं, टांगणं सगळं एकटीने करणारी बाई भावाच्या घरी पुढच्या खोलीत प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडून राहिली. थोड्याच दिवसांत ती इतकी करवादली, की दादाने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्यात त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला एक खेळ होता. सुरुवातीला नुसता उजाड ग्रह मिळायचा. हवा, ऊन, समुद्र आपण जुळवायचे आणि जीव कसे वाढतात ते बघायचं.

पहिला ग्रह बारकीने उकळून काढला. दुसरा गोठवला. तिसऱ्यावर उल्का आदळली आणि सगळं साफ झालं. तगल्या त्या फक्त गोगलगायी.

"माकडं घे," दादा म्हणाला. "पटकन शहाणी होतात, शहरं बांधतात."

"मला गोगलगायीच शहाण्या करायच्यात."

"अगं, ते होत नाही. मी वर्षभर डोकं फोडलंय त्यावर."

"तू फोडलंस. मी कुठे फोडलंय अजून?"

"तू पाय फोडलायस, तेवढा पुरे," वहिनी आतून म्हणाली.

बारकी हट्टालाच पेटली. समुद्र उथळ केला, तर मासे माजले. थंडी वाढवली, तर गोगलगायी जागच्या जागी थिजल्या. प्रत्येक वेळी ती थोडं मागे यायची आणि दुसरीकडून जोर लावायची.

मग एका सकाळी वहिनी तिला एक्स-रे काढायला घेऊन गेली. परत आल्या, तर दादा दारातच उभा. "बारके, बघ! गोगलगायी चढल्या शहाणपणाची एक पायरी वर!"

बारकी कुबड्या टाकून खुर्चीत बसली. खरंच की! ती हरखली. पण दुसऱ्याच क्षणी तिचं लक्ष ध्रुवांकडे गेलं. तिथला बर्फ गायब होता.

"हवा कोणी बदलली?"

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. "थोडीशीच गं. अडकलं होतं तुझं."

"ही लिफ्ट नाहीये, दादा." तिचा आवाज चढला. "आणि माझ्या गिऱ्हाइकांना फोन करून, यंदा ती काम घेणार नाही, असं तूच सांगितलंस ना?"

"तुला आराम मिळावा म्हणून—"

"मला विचारलंस?"

बारकीने एक कळ दाबली आणि अख्खा ग्रह पुसून टाकला. वहिनी डोळे विस्फारून बघतच राहिली.

दादाला ते चांगलंच लागलं. दोन्ही वेळचं जेवण त्याने मान खाली घालून उरकलं. बारकीने मात्र दुसऱ्या दिवशी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला: माप पाठवा, शिवण बसूनही होते, टांगायला माणूस बघते. मग नवा ग्रह उघडला. या खेपेला तिने जमिनीचे तुकडे तुकडे ठेवले, म्हणजे मोठ्या जनावरांना पसरायला जागा नको, आणि समुद्र हळूहळू उबदार होऊ दिला. तरी गोगलगायी दोनदा बुडाल्या. तिने पुन्हा मांडलं.

रविवारी दुपारी ती ओरडली, "वहिनी! दादा!"

किनाऱ्यालगत एक बारीक ठिपका लुकलुकत होता. वहिनी वाकून म्हणाली, "घाण आहे का काचेवर?"

"गाव आहे ते! गोगलगायींचं!"

दादा मागे उभा होता, दोन्ही हात खिशात खुपसून. तो म्हणाला, "मला नव्हतं जमलं हे." मग चाचरत, "त्या फोनचं... चुकलंच माझं."

"हं," बारकी म्हणाली. "खुर्ची घे. बस इथे."

तो बसला. तेवढ्यात दुसरा ठिपका उगवला आणि दोन्ही ठिपक्यांच्या मध्ये तांबडी खूण चमकली.

"लढाई!" दादा पुढे झुकला. "आता हवेचं—"

बारकीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, नाही," तो मागे टेकला. "तुझं चालू दे."