सात मिलिमीटरची चाळण

मी एक चाळण आहे. पेणच्या एका छोट्या कारखान्यात पत्र्याला भोकं पाडून मला घडवलं. प्रत्येक भोक बरोबर सात मिलिमीटरचं. ते माप कोणी ठरवलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

कोलाडजवळच्या एका वसतिगृहाला सरकारी अनुदान मिळालं होतं. मुलांच्या जेवणासाठी कडधान्य आसपासच्या शेतकऱ्यांकडूनच घ्यायचं, अशी त्याची अट. सोबत नियमांचा कागद आला आणि मी आले. वाल माझ्यावर टाकायचे, वर राहतील ते घ्यायचे, खाली पडतील ते परत.

त्या अनुदानाच्या भरवशावर जवळच्या गावातल्या ठमाबाईने तिथल्या दहा बायकांना भातकापणीनंतर वाल पेरायला लावले होते. फाल्गुनात ती टेम्पोतून सहा पोती घेऊन आली. कोठी सांभाळणाऱ्या काळुरामने मला हातात घेतलं. दाणे टपटप खाली पडू लागले.

"बाय, ह्ये सगळेच पडतात गो," काळुराम म्हणाला.

"पडनारच. आमचा वाल बारीकच. आजीपासून ह्येच बियानं हाय."

"कागदावर चाळण लिवलीय. मी काय करू?"

ठमाबाई माझ्याकडे वळली. "काय गो, तू कदी बिरडं खाल्लंस?"

स्वयंपाकीण विमलबाई दारात हसली. खाली पडलेल्यांतला एक दाणा दाताखाली फोडून म्हणाली, "ह्योच वाल गोड लागतो. त्यो टपोरा नुसता दिसायला."

काळुरामने मला पुन्हा हलवलं, अगदी हळू. काही दाणे भोकांत अडकले. मी ते धरून ठेवले, असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे ते अडकले, एवढंच. त्याने मला भिंतीवर आपटलं आणि तेही पडले.

सहा पोत्यांतून एक पोतंसुद्धा वर राहिलं नाही.

"दहा घरांना आता काय सांगू?" ठमाबाईने विचारलं. काळुराम पोत्यांची तोंडं बांधत राहिला. टेम्पो आला तसाच भरून परत गेला.

माझं माप दूरच्या एका जिल्ह्यातल्या टपोऱ्या वालावरून घेतलं होतं, हे मला नंतर काळुरामच्याच बोलण्यातून कळलं. अनुदान न वापरताच परत गेलं. या हिवाळ्यात ठमाबाईच्या गावात घरच्यापुरतेच वाल पेरलेत. बाकीची शेतं भात कापल्यावर तशीच पडून आहेत.

दोष माझा की मापाचा, हे मी रोज स्वतःला विचारते. उत्तर रोज बदलतं. भोकं मला बुजवता येत नाहीत, एवढं मात्र नक्की. म्हणून माप ठरवणाऱ्यांना विनंती आहे: पुढच्या चाळणीची भोकं पाडण्याआधी इथल्या शेतातले चार वाल तळहातावर घेऊन बघा. मग मला मोडीत घातलंत तरी चालेल.

परवा तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, पट्टी लावून मोजलं आणि चाळण अगदी बरोबर आहे, असा शेरा लिहिला.