तीन दिवसांचं दूध

टँकर नापास करायचा म्हटलं की माझं डोकं आधीच दुखायला लागतं. दूध नासलेलं असलं तर बरं असतं, वासच सांगतो आणि कुणी वाद घालत नाही. पण अँटिबायोटिक तपासायच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही, की दूध दिसायला चांगलं, वासाला चांगलं, आणि मी एकटी म्हणणार हे चालणार नाही. ड्रायव्हर असा बघतो, जसं काही मीच रात्रभर बसून त्यात काहीतरी कालवलंय.

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीची लॅब मी सात वर्षं सांभाळते. त्या मंगळवारी निरवांगीहून आलेल्या टँकरला तीनदा पट्टी लावली. तिन्ही वेळा तेच. शेवटी नापास लिहून सही केली आणि सगळं दूध सांडपाण्याच्या टाकीत सोडलं. ते जाताना मी बघत नाही. सात वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.

आमचे मॅनेजर राजवर्धन सर यांनी चहा पिता पिता निकाल देऊन टाकला. कुणाच्या तरी गाईला औषध दिलं असणार आणि त्यानं गुपचूप दूध घातलं असणार. त्याला शोध, त्याचा कोड सहा महिने बंद कर आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दे. कोड म्हणजे शेतकऱ्याचा नंबर. तो बंद झाला की त्या घरचं दूध आमच्या कुठल्याच केंद्रावर घेत नाहीत. निरवांगीत तेव्हा दुसरी डेअरीही नव्हती, म्हणजे गाय असून नसल्यासारखी.

दुपारी निरवांगीला पोचले. केंद्र चालवणारे सावळाराम तात्या घुश्श्यात बसले होते. प्रत्येकाच्या दुधाची छोटी बाटली दिवसभर राखून ठेवायची, असा आमचा नियम आहे, तेवढा मात्र त्यांनी पाळला होता. दहा दहा बाटल्यांतलं थोडं थोडं एकत्र करून मी पट्ट्या लावत गेले. चौथा गट फसला. मग त्यातली एकेक बाटली. शेवटी नाव निघालं शकुबाईचं.

तात्यांनी आधी मान्यच केलं नाही. ती तसली बाई नाही, भिंतीवरचं कार्ड ती बोट ठेवून वाचते, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

ते कार्ड माझंच. दोन वर्षांपूर्वी मी लिहिलं, प्लास्टिकात घालून प्रत्येक केंद्रावर लावलं. ‘गाईला औषध दिल्यास तीन दिवस तिचे दूध डेअरीला घालू नये.’ खाली माझं नाव. त्यानंतर टँकर नापास होणं जवळपास थांबलं, आणि वार्षिक मीटिंगमध्ये मला शाल मिळाली होती. खोटं कशाला बोलू, त्या कार्डाचा मला अभिमान होता.

शकुबाईची वस्ती उसाच्या कडेला होती. साठीची बाई, दोन गाई, सगळं एकटीच करते. मला बघून तिनं आधी पाणी आणलं. कासेला सूज आली म्हणून रविवारी गाईला सुई दिली, हे तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. लपवायचं असं तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि त्यानंच मी वैतागले. चोर सापडला असता तर मी एव्हाना घरी निघाले असते.

“मावशी, मग तीन दिवस व्हायच्या आत दूध घातलं कसं?”

“रविवारचं न्हाय घातलं, सोमवारचं बी न्हाय,” ती म्हणाली. “ते टोळीच्या पोरांना दिलं. तिकडं कोप्या हुत्या ना त्यांच्या. आज पहाटं किटली घिऊन गेले तर समदी उठून गेलेली. आता दूध काय वतून देऊ व्हय? माझा हात न्हाय झाला. मग घातलं डेअरीला.”

टोळी म्हणजे ऊसतोडणीवाली माणसं. उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत, राहतात, ऊस संपला की पुढच्या गावी जातात.

मी विचारलं, दर वेळी असंच करता का. ती म्हणाली, दर वेळी, आणि ती एकटीच नाही, सगळी वस्तीच. पूर्वी औषधाचं दूधही लोक डेअरीलाच घालायचे. कार्ड लागल्यापासून ते डेअरीला चालत नाही, मग टोळीच्या लेकरांच्या मुखी तरी पडू दे.

“तुमच्या कार्डानं तेवडं पुन्य लागलं बगा आमाला,” शकुबाई म्हणाली. “मी बी त्यातलंच च्याला घेतलं.”

 माझ्या कार्डानं टँकर वाचला होता, आमची पावडर वाचली होती, पुण्यातलं पिशवीचं गिऱ्हाईक वाचलं होतं. आणि दोन हंगाम या पट्ट्यातलं प्रत्येक आजारी गाईचं दूध उसाच्या फडातल्या तान्ह्या पोरांना गेलं होतं. ‘कुणीच पिऊ नये’ एवढे तीन शब्द मला सुचले नव्हते. टँकर वाचवायचा होता म्हणून मी टँकरपुरतंच लिहिलं. मला स्वतःची शरम वाटली.

केंद्रावर येऊन सरांना फोन लावला. ते शांतपणे ऐकत होते. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनाही वर कुणालातरी तोंड द्यायचं असतं.

“टोळीची पोरं आपले शेतकरी नाहीत, आपलं गिऱ्हाईक नाहीत,” ते म्हणाले. “त्यांचा विषय रिपोर्टमध्ये कशाला, उत्कर्षा? बाईनं दूध घातलं. कोड बंद. झालं.”

मी म्हटलं, दोन दिवस बाईनं कार्ड पाळलं, ते दूध कुणालाच चालत नाही हे कार्डानं तिला सांगितलंच नव्हतं, कार्डच अर्धवट होतं.

“कार्डावर नाव तुझं आहे.”

“म्हणून तर लिहितेय.”

तात्यांच्या टेबलावर बसून रिपोर्ट लिहिला. सूचना अपुरी, सूचना लिहिणारी मी, कोड चालू ठेवावा. फोटो काढून पाठवला.  मग सरांचा मेसेज आला, की कोड चालू ठेवतो, पण चूक कुणाच्या तरी नावावर लावावीच लागते, तुझ्या लावतो, उद्यापासून लॅबचा चार्ज दुसऱ्याकडे देऊन टाक. मला रडू यायला हवं होतं. नुसताच थकवा आला. भिंतीवरचं कार्ड काढलं, पर्समध्ये टाकलं.

टोळी कोऱ्हाळ्याला गेल्याचं ट्रॅक्टरवाल्यानं शकुबाईला सांगितलं होतं. बारामती ओलांडून पुढं जायचं जिवावर आलं होतं, तरी गेले. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका पडीक रानात नव्या कोप्या उभ्या राहत होत्या. रेश्मा नावाची विशीतली बाई वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. निरवांगीहून आले म्हटल्यावर तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं. आजीनं किटली पाठवली असेल असं तिला वाटलं.

मी सगळं सांगितलं. ते दूध औषधाचं असतं, त्यानं पोटं बिघडतात, अंगावर पुरळ उठतं, पुढं खरंच आजारी पडल्यावर औषध लागू पडत नाही. कुणी दिलं तरी पाजू नका. ती लक्ष देऊन ऐकत होती. मुलगी माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालत होती.

“बरं, ताई,” रेश्मा म्हणाली. “ते न्हाई पाजत. मग दुसरं कोन देतंय?”

तिनं टोमणा मारला नव्हता. माझ्याकडं सोय असेल म्हणून विचारत होती. मी बघते म्हणाले, आणि तिथंच बांधावर बसले. हंगामभरात त्या पोरांच्या वाट्याला येणारं दूध एवढंच होतं, आणि ते बंद करायला मी इतक्या लांब आले होते.