पुठ्ठ्यावरचे दोन ठिपके

मित्रांनो, मी एक जुनी उडीची घोडी आहे. जुनी म्हटले, म्हातारी नव्हे. एवढा फरक ध्यानात ठेवलात, की आपले छान जमेल.

माझा रंग भाजलेल्या कॉफीच्या दाण्यासारखा आहे आणि कपाळावर पांढरा चांद आहे. ऐन उमेदीत मी उड्यांच्या स्पर्धा गाजवल्या. रंगीत आडव्या दांड्यांवरून उडी घ्यायची आणि एकही दांडी पाडायची नाही, असा तो खेळ. माझ्या पाठीवर नेहमी एकच स्वार असे, ती म्हणजे आमची ताई. तिचे बाबा आम्हा दोघींना शिकवत. ते मला 'महाराणी' म्हणत आणि, खोटे कशाला बोलू, मला ते शोभतही असे. माझे फोटो तबेल्याच्या दारापासून दाणाचंदीच्या कोठीपर्यंत लागले होते. सगळे समोरून काढलेले, मान उंच, कान टवकारलेले.

मग एका मोसमात माझे बिनसले. पाठीवर खोगीर आले, की माझी शेपूट आपोआप फटकारू लागे. वळणावर मी सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकी. मागच्या खुरांचे नाल पुढून झिजले, कारण पाय उचलायचे सोडून मी ते फरफटवत होते. आणि एके दिवशी उंच दांडीपुढे मी थांबले ती थांबलेच. ताई माझ्या मानेवरून पुढे भुसात जाऊन पडली.

"नखरे आहेत महाराणींचे!" बाबा तिला उठवत म्हणाले. "डोक्यात हवा गेलीय, दुसरं काही नाही."

"नाही हो बाबा, तिचं काहीतरी दुखतंय."

"मग लंगडत का नाही? बघ, चाल कशी सरळ आहे. दुखणारा घोडा लंगडतो, आणि अडेल घोडा थांबतो. साधी गोष्ट आहे!" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "परवा एक जण विकत न्यायला येतोय हिला. मी शब्द दिलाय."

ताईच्या गालाला भुसा चिकटला होता. तो तिने पुसलासुद्धा नाही. "मग उद्या डॉक्टरबाईंना दाखवू दे. त्या 'काही नाही' म्हणाल्या, तर मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

मित्रांनो, मला दुखत होते. पण दुखणे चेहऱ्यावर येऊ देईल ती महाराणी कसली!

दुसऱ्या दिवशी गमबूट घातलेल्या डॉक्टरबाई आल्या. मी रीतसर मान उंचावली, कान टवकारले. तर बाई म्हणतात कशा, "तोंड राहू दे गं बाई. आधी पाठ दाखव!"

असा अपमान माझा कुणी केला नव्हता. त्यावर कडी म्हणजे, त्यांनी माझ्या पुठ्ठ्यांवर, म्हणजे शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांवर, डावीउजवीकडे पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक ठिपका लावला. मग ताईने माझा दोर धरून मला दुडकत लांब नेले. बाई मागे उभ्या राहून ते ठिपके बघत होत्या. दोन्ही सारखेच वरखाली होत होते.

"बघा," बाबा म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी?"

बाईंनी एकेक मागचा पाय दुमडून वर धरला, थोड्या वेळाने सोडला आणि पुन्हा दुडकायला लावले. दोन्ही वेळा सुरुवातीची पावले आखडली. "हं," एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी डाव्या पायाला बधिर करायचे इंजेक्शन दिले. आधी खाली, खुराजवळ. काही फरक पडला नाही. मग वर, मागच्या पायाच्या मोठ्या सांध्यात.

त्यानंतर मी दुडकले आणि काय सांगू, सगळ्यांसमोर लंगडले! डावा पाय हलका झाला होता. पण उजवा इतका ठणकत होता, की उजवा ठिपका चेंडूसारखा उसळू लागला.

बाबांचा पारा चढला. "अहो, धडधाकट घोडी लंगडी करून ठेवलीत तुम्ही!"

"धडधाकट नव्हतीच ती," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही पाय सारखेच दुखत होते. मग बिचारी लंगडणार तरी कोणत्या पायाने? एकाचं दुखणं थांबवलं, तेव्हा कुठे दुसऱ्याचं दिसलं."

बाबा उसळून काही बोलणार होते, तोवर बाईंनी उजव्या सांध्यातही सुई दिली. जरा वेळ गेला. ताईने दोर हलवला, आणि मित्रांनो, मी निघाले! पाठ सैल, पावले लांब, शेपूट मोकळी. त्या दुडकीत ताईला माझ्याबरोबर धावता धावता धाप लागली. हसत होती की रडत होती, देव जाणे.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "नाही हो, घोडी द्यायची नाही. हो, शब्द दिला होता. आता फिरवतोय."

पुढे पायांचे एक्स-रे निघाले, सांध्यांत औषध गेले, नाल बदलले. महिनोन्‌महिने मी नुसती चालले. पूर्वीएवढ्या उंच उड्या मी पुन्हा मारल्या नाहीत, पण मारल्या त्या दांडीला खूर न लावता. आता ताईची छोकरी माझ्यावर बसून लगाम धरायला शिकते. मी तिला अंड्यासारखी जपते.

मुलांनो, तुमच्या घरातले एखादे मांजर, भावंड किंवा आजी कधी अडून बसली, तर लगेच 'नखरे' म्हणू नका. जो लंगडत नाही, त्याचेही दुखत असते. जरा मागे जाऊन, दोन्ही बाजूंनी बघा.

आमचे बाबा, म्हणजे आताचे आजोबा, तेच करतात. रोज सकाळी खोगीर चढवण्याआधी प्रत्येक घोड्याला म्हणतात, "चल, आधी पाठ दाखव!" सगळ्यांत पहिला मान माझा. मी मान उंच ठेवून वळते आणि दिमाखात चालू लागते. बघा खुशाल!